बंबफोड

साताऱ्यातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनमध्ये परवा सकाळी पावणेसातला दोन बंब समोरासमोर उभे होते. एक तांब्याचा. दुसरा मी, उघडाबंब. कमरेला हॉटेलनं दिलेला सेंद्रिय सुताचा पंचा, कानामागे कडुनिंबाच्या साबणाचा फेस, आणि बाहेर अजिंक्यताऱ्यावर ढग असे बसलेले, की किल्ला आहे की नुसतीच अफवा आहे ते कळू नये.

‘ऊन पाणी कधी येईल?’ मी विचारलं.

‘काका, आमचं सगळं सोलरवर आहे. सूर्य आला की येईल.’

काउंटरवरच्या मुलीनं हे इतक्या खात्रीनं सांगितलं, की जणू सूर्य पुण्याहून निघालाय, खंबाटकीत अडकलाय, एवढ्यात पोचेल. जुलैचा दुसरा आठवडा होता. कासच्या बाजूनं येणारा पाऊस सहा दिवस खंडला नव्हता. आमच्याकडे गरम पाण्याला ‘ऊन पाणी’ म्हणतात. ह्या हॉटेलनं ते शब्दशः घेतलं होतं.

मामेभावाची पंच्याहत्तरी होती. एरवी आम्ही सांगलीहून साताऱ्याला गेलो की त्याच्याच घरी, हॉलमध्ये ओळीनं गाद्या घालून झोपतो, आणि सकाळी संडासाच्या रांगेत नात्यागोत्याची सगळी खबरबात होते. पण भाचा आता पुण्यात बऱ्या कंपनीत आहे. ‘मामा, ह्या वेळी तुम्ही आणि मामी बुटीकला राहायचं. इको-फ्रेंडली आहे, आठच खोल्या आहेत. एक्स्पीरियन्स घ्या.’ एका रात्रीचे साडेसात हजार, कर वेगळा. पैसे त्यानं भरले, एक्स्पीरियन्स मी घेतला.

ही हॉटेलं तुम्ही पाहिलीत. नाव संस्कृत, पुढे टिंब, खाली बारीक इंग्रजी अक्षरांत आपण किती जागरूक आहोत ते. भिंतींना शेणाच्या रंगाचा रंग. शेण नव्हे, शेणाचा रंग, डब्यातला. दात घासायला बांबूचा ब्रश, कचऱ्याला वेताची टोपली, टोपलीच्या आत काळी प्लास्टिकची पिशवी. उशीवर कार्ड: ‘प्रिय पाहुणे, टॉवेल दांडीवर ठेवलात तर आम्ही समजू की तुम्हाला पृथ्वीची काळजी आहे.’ नाही ठेवला तर काय समजाल ते लिहिलेलं नव्हतं, पण बायकोनं धसका घेऊन स्वतःचा टॉवेल, माझा टॉवेल आणि पायपुसणंसुद्धा दांडीवर घातलं. ‘ग्रीनवॉशिंग’ हा शब्द १९८६ साली असल्याच टॉवेलच्या कार्डावरून निघाला. शब्द जगभर झाला, कार्ड आहे तिथंच आहे. धुण्याचा खर्च वाचतो हॉटेलचा, आणि पापपुण्याचा हिशेब आमच्या दांडीवर.

टॉवेलचं राहू दे. मला बोलायचंय ते बंबाविषयी.

काउंटरशेजारी कोपऱ्यात, चौरंगावर ठेवला होता. वरून काहीतरी पारदर्शक फासून असा चकचकीत केलेला, की त्यात माझं पोट दुप्पट दिसत होतं. मधल्या नळीतून, जिथून धूर जायचा, तिथून वायर वर काढून पिवळा दिवा बसवलेला, दिव्यावर सुपाची टोपी. खाली जाळीपाशी, जिथं राख पडायची, तिथं वायफायचा डबा लुकलुकत होता. आणि तोटीला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी: ‘अपसायकल्ड मराठा बॉयलर. स्लो लिव्हिंग.’

स्लो! अहो, बंबाइतकी घाईची वस्तू घरात दुसरी नव्हती. पहाटे पाचला आजी बंब पेटवायची. वखारीतून बंबफोड आलेली असायची. ज्यांना बंबफोड माहीत नाही त्यांना एवढंच सांगतो की ते एखाद्या थाळीचं नाव नव्हे. बंबाच्या नळीत मावेल अशा मापानं फोडलेलं लाकूड. त्यावर उसाची वाळकी चिपाडं, मक्याची बुरकुंडं, नारळाच्या करवंट्या आणि आमच्या गेल्या वर्षीच्या वह्या. माझी सातवीची भूमिती अख्खी बंबात गेली, आणि त्या दिवशी पाणी सगळ्यात लवकर तापलं. सहाला आजोबा, सव्वासहाला वडील, मग दोन काका, मग आम्ही पोरं, मग बायका, ज्यांच्या वाट्याला धूर जास्त आणि पाणी कोमट. नियम एकच: ऊन जेवढं काढाल तेवढं गार ओता. एक बादली काढली, एक बादली घातली. विसरलात तर बंब कोरडा तापून त्याचा डाग सुटायचा, मग तांबटाकडे न्यावा लागायचा, आणि त्याआधी पाठीवर आजीचा हात बसायचा. राख भांडी घासायला. न्हाणीतलं पाणी परसातल्या अळवाला. अळवाची भाजी पुन्हा आमच्याच पानात. ह्याला कोणी कार्ड छापलं नव्हतं. हे आम्ही पृथ्वीसाठी करत नव्हतो, वखारवाला उधार देत नव्हता म्हणून करत होतो. आणि मी काही बंबाचे गोडवे गात नाही. धुरानं आजीच्या डोळ्यांचं पाणी कधी खळलं नाही. घरात गॅसचा गीझर आला त्या दिवशी तिनं बंबाला हात जोडले, आणि दिवाळीला चिंच लावून घासण्यापुरतीच त्याच्याकडे पुन्हा वळली. स्लो लिव्हिंग म्हणे. तिला कुणी हे सांगितलं असतं तर फुंकणी फेकून मारली असती.

तर मी म्हटलं, ‘हा पेटवू या का?’

मुलगी घाबरली. मॅनेजर आले. तिशीचे, हातमागाचा कुर्ता, पायात कोल्हापुरी, चेहऱ्यावर ध्यानधारणा.

‘सर, तो डेकोर आहे. आणि आम्ही लाकूड जाळत नाही. कार्बन.’

‘मग रात्री जेवणात कोळशावरची कोंबडी होती ती?’

‘तो मेन्यू आहे सर.’

‘आणि रात्री दोनदा लाइट गेली तेव्हा मागच्या बाजूला डिझेलचा जनरेटर धडधडत होता तो?’

‘तो बॅकअप आहे.’

‘मग पाण्याला बॅकअप?’

‘सर, गीझर आमच्या फिलॉसॉफीत बसत नाही.’

ज्या धरणाच्या पाण्यावर १,९६० मेगावॉटची वीज केंद्रं उभी आहेत ते कोयनेचं धरण ह्याच जिल्ह्यात. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या गरगरताहेत त्याही इथंच. पाण्याची वीज आहे, वाऱ्याची वीज आहे, आणि एका म्हाताऱ्याला बादलीभर ऊन पाणी मिळेना, कारण ते फिलॉसॉफीत बसत नाही. जनरेटर बसतो. त्याला मागच्या बाजूला जागा आहे.

थंडीनं माणूस एक तर गप्प होतो, नाही तर व्याख्यान देतो. मी दुसरा मार्ग धरला. पंचा घट्ट केला आणि विचारलं, पाणी कुठलं वापरता? बोअरचं, सर, तीन आहेत. आणि परत जमिनीत किती घालता? ह्यावर ते म्हणाले की त्यांनी सगळ्या खोल्यांतले शॉवर काढून टाकलेत आणि बादल्या ठेवल्यात. मी म्हटलं, तो हिशेब आमच्या बाजूचा झाला. तुमच्या बाजूचा सांगा. काढता किती, घालता किती? अहो, यवतेश्वरच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांनी खाली शहरात आणून हौद भरणारं हे गाव. कासच्या तलावाचं पाणी उताराउतारानं येतं, वीज लागत नाही. पलीकडे लिंबला बारा मोटेची विहीर आहे, १७१९ ते १७२४ ह्या काळातली, ११० फूट खोल. विहिरीच्या पोटातच दगडी महाल, वर वैशाखवणवा पेटलेला असला तरी आत गारवा. तीनशे वर्षं झाली, त्या महालाला एसी बसवावा लागलेला नाही. त्या विहिरीच्या जिल्ह्यात येऊन तुम्ही आम्हाला बादली दाखवता?

मॅनेजर मनापासून खूश झाले. ‘हो सर, तिथली टूर आहे आमची. पंधराशे, पर हेड. उसाच्या रसासकट.’

अखेर स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीवर पातेलं चढलं. सोलरच्या हॉटेलात माझी आंघोळ सिलिंडरवर झाली. बादली घेऊन एक पोरगा वर आला, विशीचा, शिडशिडीत. बादली ठेवताना एक थेंब सांडू दिला नाही. मी तेवढ्यावरून विचारलं, ‘गाव कुठलं रे?’

‘माण तालुका, काका. म्हसवडच्या पल्याड.’

जिल्हा एकच. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि माणला त्याच्या दशांशाच्या आसपास पडला तरी माणसं बरं वर्ष म्हणतात. पोराच्या वाडीवर उन्हाळ्यात टँकर येतो. त्याची आई टँकरच्या वेळेला घराबाहेर जात नाही. लग्न असो, मयत असो. घागरी, हंडे, रंगाचे रिकामे डबे ओळीला. आंघोळ दिवसाआड, तीही दगडावर बसून, खाली घमेलं ठेवून, म्हणजे घमेल्यातलं पाणी शेरडाला. हे तो तक्रारीनं सांगत नव्हता, आपण बसची वेळ सांगावी तसं सांगत होता. आणि ह्या पोराची रोजची पहिली ड्यूटी काय? आठ खोल्यांत, सोळा उशांवर, पाणी जपून वापरा अशी सोळा कार्डं ठेवायची. दुसरी ड्यूटी, अंगणातल्या ‘प्लंज पूल’मधली पानं जाळीनं काढायची. त्या डबक्यात अठरा हजार लिटर पाणी मावतं, असं मॅनेजरांनी आदल्या संध्याकाळी अभिमानानं सांगितलं होतं, आणि दर पंधरवड्याला बदलतो हेही. दहा हजारांचा टँकर धरला तर दोन टँकर. मी त्या पोराला विचारलं, तू त्यात कधी उतरलास का? तो हसला. ‘न्हाय ओ. लई गार असतं.’

मी आंघोळ केली. झाल्यावर सवयीनं रिकामी बादली घेऊन दारापर्यंत आलो, गार पाणी ओतायला. ओतणार कशात?

खाली आलो तर मॅनेजर माझी वाट बघत होते. रागावलेल्या गिऱ्हाइकाला गोड करायचं शिक्षण त्यांना मिळालेलं असावं. ‘सर, तुम्ही सांगलीचे ना? गुड न्यूज आहे. आमची पुढची प्रॉपर्टी तुमच्याकडेच येतेय. रिव्हर-फेसिंग. पहाटे कृष्णेच्या आवाजानं जाग येईल.’

इथं माझी विनोदबुद्धी संपली, ते आधीच सांगून ठेवतो.

कृष्णेच्या आवाजानं आम्हाला जाग येते, आणि त्याचं बुकिंग करावं लागत नाही. २००५ ला आली, २०१९ ला आली, २०२१ ला आली. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागात, टिळक चौकात, मारुती चौकात होड्या फिरल्या. सांगलीत ऊन पडलंय का हे आम्ही जुलै-ऑगस्टात बघतच नाही, कोयनेतून किती सोडलं ते विचारतो. पानाच्या टपरीवरचा माणूससुद्धा क्युसेकमध्ये बोलतो. नदीकाठी घराला एक पायरी वाढवायची तर आम्हाला निळी रेषा, लाल रेषा, नकाशे, शिक्के, साहेब रजेवर. आणि ह्यांना रिव्हर-फेसिंग! रेषेच्या आत बांबूचं केलं की ते बांधकाम होत नाही, तो एक्स्पीरियन्स होतो. नदीनं ह्यांच्याकडे तोंड करायचं, आम्ही मात्र तिच्याकडे पाठ करून सामान माळ्यावर चढवायचं. हीच कृष्णा आमच्याच जतला उन्हाळ्यात दिसत नाही, आणि २०१६ साली ह्याच कृष्णेचं पाणी मिरज स्टेशनात वाघिणींत भरून लातूरला गेलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी कुठं कमी आणि कुठं जास्त, हे आम्हाला उशीवरच्या कार्डानं सांगावं लागत नाही. बरं, टिकाऊच बघायचं होतं तर हरिपूरची पेवं होती. जमिनीत खोल खड्डे, ना वीज ना पंखा, आत हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी. तोंड उघडलं की आतली हवा पालटायला काही तास थांबायचं, मगच माणूस खाली उतरायचा, नाहीतर जीव जायचा. ह्याच्याहून पर्यावरणस्नेही कोठार दाखवा. २००५ चं पाणी पेवांत शिरलं आणि पुष्कळ पेवं कायमची गेली. तेव्हा कोणी ‘कॉन्शस’ माणूस कुर्ता घालून बघायला आला नाही. आता येताहेत, नदी बघायला. या. पण गाद्या कापसाच्या आणू नका, वाळत नाहीत. आम्ही आठ दिवस वाळवल्यात, गच्चीवर, शेजाऱ्यांच्या गाद्यांबरोबर, आणि मग टाकूनच दिल्यात.

हे सगळं मी म्हणालो की नुसतं मनात म्हणालो, आता आठवत नाही. मॅनेजर मान डोलावत होते, म्हणजे बहुधा मनातच.

२०१९ च्या पुरात आमचा बंब न्हाणीत राहिला. बाकीचं वर नेताना तो कुणाला सुचलाच नाही. वीस वर्षं वापरात नव्हता. पाणी उतरल्यावर चिखलातून काढला तेव्हा आत गाळ भरलेला, एक मेलेला मासा, आणि तोटी बंद. गल्लीत प्रत्येक दारापुढे हाच ढीग होता: फुगलेली कपाटं, गोदरेजचे उघडत नसलेले दरवाजे, परातीत वाळत घातलेले फोटो. मोड घेणारे टेम्पो घेऊन फिरत होते. त्यांच्या काट्यावर बंब चढला. नऊ किलो दोनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम त्यांनी गाळाचे म्हणून सोडले. बायको तेव्हा काही बोलली नाही, कारण त्या दिवशी घासाघीस करायची कुणात ताकद नव्हती, आणि तिच्यात नसेल तर सांगलीत कुणातच नसणार.

हॉटेल सोडताना बिल आलं. भाच्यानं खोलीचे भरले होते, वरचे आमचे. ‘ग्रीन काँट्रिब्यूशन’ ३५० रुपये. ‘गरम पाणी, विनंतीवरून’, एक बादली, १२० रुपये. मी पाकीट काढत होतो तेवढ्यात बायको त्या बंबापाशी गेली. चष्मा लावला, पदरानं एक कोपरा पुसला आणि वाकून बघू लागली. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, कोणाचं, कोणाकडून, कशानिमित्त. ह्या बंबाचं नाव यंत्रानं घासून उडवलं होतं. उरलं होतं एवढंच: ‘...यांजकडून सप्रेम भेट १९५८’.

‘आपला न्हवं,’ ती म्हणाली. ‘आपल्याला तोटीखाली पोचा होता.’

मग तिनं त्या मुलीला विचारलं, हा कुठून आणला गं?

मुलीनं मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर म्हणाले, ‘अख्खा लॉटच घेतला होता मॅडम. अकरा होते. पुरानंतरचा माल. स्वस्तात पडला.’

मी पैसे दिले. बायकोनं बोटाच्या पेरानं बंबावर टकटक केली, कान लावला, खालच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, जसा बाजारात कलिंगडावर फिरवते.

‘ह्याचा डाग गेलाय,’ ती त्या मुलीला म्हणाली. ‘खालून गळंल हा. तांबटाला दाखवून घ्या.’

मुलगी हसली. ‘नाही मॅडम,’ ती म्हणाली, ‘ह्यात पाणी घालायचंच नसतं.’